तोंडी सांगितलेली तीन इंजेक्शनं

आमचे वडील नागपूरहून भोपाळला आले ते फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि सचिवालयातल्या कारकुनांची वाटणी झाली. काही मुंबईकडे गेले, काही भोपाळकडे. वडिलांचं खातं भोपाळच्या वाट्याला आलं. मालडब्यात गठ्ठे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला शेजारच्या डब्यात वडील. आई मला कडेवर घेऊन दोन महिन्यांनी आली. वडील स्वातंत्र्याबद्दल फारसं बोलत नसत. त्या दिवशी शाळेत पेढे वाटले आणि रांगेत त्यांचा नंबर येईपर्यंत संपले, एवढंच सांगत. पुनर्रचना मात्र त्यांना बारीकसारीक तपशिलांसह आठवे, कारण तिच्यापायी त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला होता.

झालं असं की निघायच्या धांदलीत एका साहेबांनी एका गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हा राहू द्या. याची तिकडे गरज नाही." वडिलांनी राहू दिला. तीन वर्षांनी भोपाळमध्ये तोच गठ्ठा कुणीतरी मागितला. साहेब तोवर दोन पायऱ्या वर चढले होते. ते म्हणाले, "मी असं कसं म्हणेन?" आणि खरंच, ते असं म्हणाले होते याला पुरावा काही नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. इतर घरांत शुभंकरोति म्हणत, आमच्याकडे तीही म्हणत, पण तिच्या जोडीला हे असे: तोंडी हुकमावर बोटसुद्धा हलवायचं नाही. लिहून घ्यायचं. साहेब चिडले तरी चालतील. चिडलेला साहेब विसरतो, कागद विसरत नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही पुढे त्याच सचिवालयात चिकटलो, वेगवेगळ्या खात्यांत. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. हा नियम आम्ही दोघांनी इतका पाळला की आमच्या बायका चेष्टा करत, भाजी आणायची असली तरी यांना चिठ्ठी द्यावी लागते.

धाकट्याच्या दोन्ही किडन्या चाळिशीच्या आत निकामी झाल्या. सकाळी उठला की चेहरा सुजलेला असे. आम्हाला वाटलं, जाड होतोय. मग रक्तदाब सापडला, आणि रक्तदाबाच्या पाठोपाठ बाकी सगळं. यंत्रानं रक्त धुणारं डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या कुणीतरी एक किडनी दिली तर बरं. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. मला मधुमेह. उरली आई. तिचं वय साठीच्या पलीकडे, डॉक्टर आधी नको म्हणाले, मग तपासण्या केल्या आणि म्हणाले, हिची प्रकृती तुम्हा दोघांपेक्षा बरी आहे. आईला विचारलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "मला काय करायच्यात दोन?" ती म्हणाली. "आता कुठं जायचंय मला एवढं." वडील तोवर गेले होते, नाहीतर त्यांनी तिच्याकडून लेखी संमती घेतली असती. अर्थात ती इस्पितळानं घेतलीच, चार प्रतींत.

ऑपरेशन मुंबईला झालं. तिथले डॉक्टर नावाजलेले होते. ते वॉर्डात शिरले की त्यांच्या मागे आठ-दहा जण शिरत. एक फाईल धरणारा, एक पेन धरणारा, एक नुसताच मान हलवणारा. ते पलंगापाशी दीड मिनिट थांबत आणि पुढे सरकत. मग सगळी वरात पुढे सरके. मला अशा मिरवणुकांचं वावडं आहे. मंत्र्यांच्या मागे चालण्यातच माझी अर्धी नोकरी गेली. धाकट्याला मात्र गंमत वाटे. "दादा, हे तुमच्या प्रमुख सचिवांसारखे आहेत," तो म्हणाला, "फक्त यांना काम येतं."

आईची किडनी त्याच्या पोटात उजव्या बाजूला, खाली बसवली. दुसऱ्या दिवशी तिनं काम सुरू केलं. आई शेजारच्या वॉर्डात होती. तिला मी जाऊन सांगितलं, लघवी भरपूर होतेय. आयुष्यात प्रथमच हे वाक्य मी कुणाला आनंदानं सांगत होतो. आईनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "चल, लागली कामाला."

त्यानंतरची सहा महिन्यांची देखरेख भोपाळमधले एक डॉक्टर करत. कोलार रोडला, धाकट्याच्या फ्लॅटपासून जवळच, त्यांचं पंधरा-वीस खाटांचं छोटं इस्पितळ होतं. तरुण होते, संथ होते. पेशंटच्या पोटाला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करत. पाच मिनिटं घोटे दाबून बघत. लिहीत तेही सुवाच्य. मला ते फार आवडत, आणि त्यांच्या आवडण्यात मुंबईच्या डॉक्टरांचं नावडणं थोडंसं मिसळलेलं होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तेच वर्ष आमच्या राज्याचे दोन तुकडे होण्याचं. वडिलांनी एक पुनर्रचना पाहिली, आम्ही दुसरी पाहिली. सरकारी इमारतींवर दिवे लागले. कुणाला भोपाळला ठेवायचं आणि कुणाला रायपूरला पाठवायचं याच्या याद्या निघाल्या, फिरल्या, पुन्हा निघाल्या. धाकट्याचं नाव रायपूरच्या यादीत होतं. वैद्यकीय कारण देऊन त्यानं अर्ज केला होता. निरोपाच्या एका समारंभात एक बडे अधिकारी भरून आलेल्या गळ्यानं म्हणाले, "हम अलग हो रहे हैं, पर ख़ून तो एक ही है." धाकटा माझ्या कानाशी पुटपुटला, "रक्तगट तपासलाय का विचार."

त्या समारंभाच्या आठवड्यातच त्याचं रक्त तपासायची पाळी होती. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो. किडनी रक्तातला कचरा नीट काढत असली की तो कमी असतो. वाढला की समजायचं, काम थकतंय. आमच्या घरात तो आकडा आई रोज पंचांग पाहावं तसा विचारी. तो १.४ असायचा. त्या दिवशी २.२ आला.

भोपाळच्या डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं आणि मला म्हणाले, मुंबईला फोन लावा. मी त्यांच्याच टेबलावरून लावला. तीन साहाय्यक ओलांडून मोठे डॉक्टर फोनवर आले.

"किती? दोन-दोन? ताप?"

"नाही."

"लघवी?"

"थोडी कमी."

"रिजेक्शन आहे. शरीर किडनी परत करायला बघतंय. तीन इंजेक्शनं, रोज एक, आजपासून. तिथल्या डॉक्टरांना माहीत आहेत."

"सर, बायोप्सी न करता?"

"सहा महिने झालेत. आकडा एकदम चढलाय. सुई टोचून मला नवीन काय सांगणार तुम्ही? वाट बघू नका." आणि फोन ठेवला. संभाषण मिनिटभराचं. पलंगापाशी तरी ते दीड मिनिट थांबत.

मी हे भोपाळच्या डॉक्टरांना सांगितलं. ते धाकट्याला म्हणाले, "हाथ आगे कीजिए." धाकट्यानं हात पुढे केले. बोटं बारीक थरथरत होती. मग त्याच्या हिरड्या पाहिल्या, रक्तदाब पुन्हा घेतला. मग मला समजावून सांगितलं, आणि मला वाटतं आजवर कुठल्याच डॉक्टरनं मला एवढं नीट समजावलेलं नाही. ते म्हणाले, आकडा चढण्याची दोन कारणं असू शकतात. एक, शरीरानं ही किडनी परकी म्हणून ओळखली आणि तिच्यावर चाल केली. दुसरं, शरीरानं चाल करू नये म्हणून जे औषध आपण देतो तेच जास्त झालं. कारण ते औषध जास्त झालं की किडनीलाच मारतं. थरथर, हिरड्या, रक्तदाब, ही त्या औषधाची लक्षणं. "दोनों में आकड़ा ऐसे ही चढ़ता है. और दोनों का इलाज उल्टा है. एक में शरीर को और दबाना है, दूसरे में दवा कम करके ढील देनी है."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" असं मी हिंदीत विचारलं.

"मुझे दवा का शक ज़्यादा है. पर बड़े सर ने हज़ारों देखे हैं." त्यांनी धाकट्याच्या छातीला नळी लावून ऐकलं. मग म्हणाले, "वो कह रहे हैं तो मैं आज ही पहला इंजेक्शन लगा दूँ? खाँसी है इनको, इन्फ़ेक्शन का डर रहेगा. पर तीन ही दिन की बात है. आप लोग कहिए."

आप लोग कहिए. तेवीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी हे विचारलं नव्हतं. आम्ही सांगणारे नव्हतोच, सांगितलेलं नोंदवणारे होतो.

"सर," मी म्हणालो, "पहले उनसे लिखवाकर मँगवा लेते हैं."

पलंगावरून धाकटा म्हणाला, "बिलकुल. मौखिक आदेश का क्या भरोसा."

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ते हट्टी माणूस नव्हते. "ठीक है," ते म्हणाले. "तब तक बायोप्सी कर लेते हैं."

न्यू मार्केटच्या एका दुकानातून मी मुंबईला फॅक्स केला. विनंती अशी की आज दूरध्वनीवर दिलेला सल्ला कृपया लेखी कळवावा. भाषा नमुनेदार होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तेव्हा पुन्हा फोन केला. साहाय्यक म्हणाला, सर परिषदेसाठी बाहेर गेलेत, सोमवारी येतील. तो दिवस गुरुवार होता. "पण सरांनी तर तुम्हाला सांगितलंय ना?" साहाय्यक म्हणाला. मी म्हणालो, सांगितलंय, पण लिहून हवंय. तो हसला असावा. मला ते उर्मट वाटलं.

गुरुवारीच बायोप्सी झाली. आईची किडनी त्वचेच्या अगदी जवळ बसवलेली, त्यामुळे सुई टोचणं अवघड नव्हतं. आई बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं, आतून एक चिमूट काढून बघणार आहेत. "माझ्यातली की त्याच्यातली?" तिनं विचारलं. उत्तर धाकट्याच्या बायकोनं दिलं. "दोघांचीच आहे ना आता ती, आई," ती म्हणाली.

औषधाची रक्तातली पातळी मोजण्याची सोय भोपाळमध्ये नव्हती. रक्ताची बाटली कुरियरनं मुंबईला गेली. म्हणजे तिचंही उत्तर सोमवारी.

शुक्रवारी आम्ही दोघा भावांनी जे केलं ते मला आता लिहितानाही नकोसं वाटतं. मी ऑफिसातून हिरव्या नोटशीटचे कागद आणले होते. धाकट्याच्या पलंगावर जेवणाचं आडवं टेबल सरकवून आम्ही एक तुलनात्मक तक्ता केला. पहिला रकाना मुद्दा. दुसरा मुंबईचं मत. तिसरा भोपाळचं मत. चौथा शेरा. आकडा, लघवी, रक्तदाब, थरथर, हिरड्या, खोकला. रेघा धाकट्यानं मारल्या. हात थरथरत होता म्हणून पट्टी मी धरली.

"दादा, 'रुग्णाचं मत' असा एक रकाना नको?"

"रुग्ण हितसंबंधी पक्ष आहे. त्याला मत देता येत नाही."

"मग त्याच्या आईचं?"

"ती तर पुरवठादार."

तो इतका हसला की बायोप्सीच्या जागी दुखलं. नर्सनं येऊन आम्हाला दटावलं. मी हे सांगतो कारण आम्ही निष्काळजी नव्हतो. आम्हाला वाटत होतं आम्ही फार काळजीनं वागतोय. एका बाजूला मिरवणुकीतला माणूस, मिनिटभरात निकाल देणारा. दुसऱ्या बाजूला हात गरम करून पोट तपासणारा. दोघांची मतं एकमेकांना 'अभिप्रायार्थ सादर' करायची, मतभेद कागदावर आणायचा, म्हणजे तो आपोआप मिटेल. सचिवालयात तो मिटतो. तिथं खरा निर्णय कुणी घेत नाही; फाईल फिरता फिरता प्रश्नच जुना होतो आणि जुन्या प्रश्नावर सही करायला कुणाची हरकत नसते.

तक्ता मी मुंबईला फॅक्स केला आणि एक प्रत भोपाळच्या डॉक्टरांना दिली. त्यांनी तो दोनदा वाचला. "आप लोगों ने तो मुझसे अच्छा लिखा है," ते म्हणाले. मला त्याचा अभिमान वाटला. त्या दिवशी आकडा २.९ होता.

शनिवारी स्लाइडचा अहवाल आला, आणि ज्या गोष्टीनं सगळं स्पष्ट होणार होतं तिनं काहीच स्पष्ट केलं नाही. हल्ला करणाऱ्या पेशी किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये शिरल्या आहेत, पण पुरेशा नाहीत, असं काहीतरी. मी विचारलं, पुरेशा म्हणजे किती? डॉक्टरांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं. साधारण असं की एका नळीत चारपर्यंत पेशी दिसल्या तर थांबा म्हणतात. पाच दिसल्या तर रिजेक्शन धरतात. इथल्या तज्ज्ञानं चार मोजल्या. दुसरा कुणी कदाचित पाच मोजेल.

"म्हणजे माणूस बदलला की निदान बदलतं?"

"काँच एक ही है," ते म्हणाले, "आँख अलग-अलग है."

मी आयुष्यभर एकाच नियमाचे दोन अर्थ लावणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम केलं होतं, त्यामुळे मला धक्का बसायला नको होता. तरी बसला. मला वाटत असे, जगात निदान एक जागा असेल जिथे काचेखाली ठेवलं की वाद संपतो.

स्लाइडचा दुसरा संच ओळखीच्या एका प्रवाशाबरोबर रेल्वेनं मुंबईला पाठवला. चार पेशी, थरथर आणि हिरड्या पाहून भोपाळच्या डॉक्टरांनी ते मुख्य औषध थोडं कमी केलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं. रविवारी धाकट्याची लघवी निम्म्यावर आली. तो आईला म्हणाला, आज पाणी कमी प्यायलो म्हणून.

सोमवारी सकाळी सगळी उत्तरं एकदम आली, सरकारी पत्रं येतात तशी. औषधाची पातळी जास्त नव्हती, उलट हवी त्याहून कमी होती. मुंबईच्या तज्ज्ञानं त्याच काचेवर सहा पेशी मोजल्या होत्या. आणि मोठ्या डॉक्टरांचा फॅक्स आला. त्यांनी आमच्या तक्त्याचा उल्लेखही केला नव्हता. दोन ओळी होत्या: तीन इंजेक्शनं द्यावीत; हे मी बुधवारी फोनवर सांगितलं आहे. खाली सही. आम्हाला हवी होती ती.

पहिलं इंजेक्शन त्याच तासाला दिलं. तोवर आकडा ४.३ झाला होता. तिसऱ्या इंजेक्शननंतर तो तीनवर उतरला आणि तिथेच बसला. हिवाळाभर तो तीनवर राहिला. होळीनंतर चढू लागला तो थांबला नाही.

मी भोपाळच्या डॉक्टरांना एकदा एकट्यात गाठून विचारलं, बुधवारी दिलं असतं तर? ते म्हणाले, "शायद बच जाती. शायद नहीं भी." काही रिजेक्शन अशी असतात की ती इंजेक्शनांना दादच देत नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. मग ते म्हणाले, "मैंने ही आपसे पूछा. मुझे पूछना नहीं चाहिए था." मी त्यांना म्हणायला हवं होतं की चूक त्यांची नाही. मी म्हणालो नाही, कारण त्या क्षणी दोष वाटून घ्यायला कुणीतरी आहे याचं मला बरं वाटलं.

मुंबईला पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांची बोलणी खायची तयारी करून गेलो होतो. ते आले, मागे नेहमीची वरात. धाकट्याच्या फायलीवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता ऐकवणार. ते पलंगाच्या कडेला बसले, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुष्कळ लढलात." वरात ताटकळत उभी राहिली. पाच मिनिटं बसले असतील. मिरवणुकीच्या पुढे चालणारा माणूस बरोबर असू शकतो, आणि भलाही असू शकतो, हे मला इतक्या उशिरा कळायला नको होतं.

धाकट्याचं डायलिसिस पुन्हा सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. रायपूरची बदली रद्द झाली. त्याचा आता काही उपयोग नव्हता. आईनं एका दुपारी विचारलं, "मग माझी ती आता कुठं आहे?"

"आतच आहे," मी म्हणालो.

"काढत नाहीत?"

"त्रास दिला नाही तर राहू देतात."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझीच जुनी होती. साठ वर्षं वापरलेली. त्याला काय पुरणार." आणि हे ती सगळ्यांना सांगू लागली. बघायला येणाऱ्या नातेवाइकांना, शेजारणींना, दूधवाल्याला. तिचं जेवण तुटलं. पानावर बसायची, दोन घास घ्यायची, उठायची. कुणी समजूत घातली की म्हणायची, तरुण बाईची मिळाली असती तर टिकली असती.

मी ठरवलं, हिला त्या पाच दिवसांचं सांगायचं. धाकट्याला तसं म्हणालो. तो "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी डायलिसिसहून आला, पिवळा पडलेला, आईच्या शेजारी बसला आणि माझ्या देखत तिला म्हणाला, "आई, एक सांगायचं राहिलंय. मी गोळ्या चुकवल्या होत्या. त्या बदल्यांच्या याद्यांच्या गडबडीत. चार-पाच दिवस घेतल्याच नाहीत."

आई त्याच्याकडे वळली. "चार-पाच दिवस?"

"विसरलो."

"विसरलास? अरे मेल्या, कापून दिलं मी तुला, आणि तू विसरलास?" तिचा आवाज चढला तो चढतच गेला. लहानपणी त्यानं शाळेची फी हरवली होती तेव्हासुद्धा ती इतकी बोलली नव्हती. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गोळ्या रोज तीच मोजून द्यायची. एकही चुकलेली नाही हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली.

त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली. रागारागात जेवली, पण जेवली.

मी त्याला गॅलरीत गाठलं. "हे काय केलंस?"

"तिला रागवायला कुणीतरी हवं होतं, दादा. स्वतःवर रागावून ती मेली असती."

"मग मी होतो ना. खरंही तेच आहे."

"तुला अजून तिच्याबरोबर राहायचंय," तो म्हणाला.

तो त्यानंतर अडीच वर्षं होता. एका सकाळी डायलिसिसच्या खुर्चीतच त्याचं हृदय थांबलं. आईनं त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याच्या पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला आणि काढेना. आम्ही कुणी तिला उठवलं नाही.

भावजय पुढे मुलांना घेऊन बाग सेवनियाला तिच्या भावाजवळ राहायला गेली. आई माझ्याकडे. एका किडनीवर ती उत्तम राहिली. तिचा आकडा माझ्यापेक्षा चांगला असे. त्याच्यावरचा राग मात्र तिनं सोडला नाही. त्याच्या श्राद्धाच्या दिवशीही पान वाढता वाढता म्हणे, "गोळ्या तेवढ्या वेळेवर घेतल्या असत्या तर." लोक ओशाळून दुसरीकडे बघत. मी खीर वाढत राही. एका मेलेल्या माणसावर दरवर्षी खोटा आरोप होत होता आणि तो ऐकणाऱ्यांत भावजय सोडली तर एकटा मीच साक्षीदार होतो, आणि मीच आरोपी.

सातव्या वर्षी मला ते सहन होईना. हिवाळ्यातली सकाळ होती, आई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसली होती. मी शेजारी बसून तिला सगळं सांगितलं. बुधवारचा फोन, लिहून मागितलं ते, सोमवारपर्यंतचे दिवस. डॉक्टर त्याच दिवशी इंजेक्शन द्यायला तयार होते आणि मी नको म्हटलं, हेही सांगितलं. आणि गोळ्या त्यानं एकदाही चुकवल्या नव्हत्या, हे सगळ्यात शेवटी.

आईनं ऐकून घेतलं. हातातली शेंग सोलून संपवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुरे आता," ती म्हणाली. "लहानपणापासून त्याचं सगळं तू अंगावर घेत आलास. मला काय कळत नाही? तो बिचारा निदान माझ्या तोंडावर कबूल तरी झाला."

"आई, तो खोटं बोलला."

"मेलेल्या भावाला खोटं म्हणू नये," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.